खुरपं टाकणारे आणि रोपं ओढणारे

चिनी भाषा शिकवणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांची पुण्यात नुकतीच एक बैठक झाली. विषय होता नव्या अभ्यासक्रमाची काटछाट. एका अनुभवी सहकाऱ्यांनी प्रस्ताव मांडला की तिसऱ्या वर्षाला आपण ज्या छंग-यू शिकवतो, त्यांतल्या शेतीवरच्या, पिकांवरच्या, गुराढोरांवरच्या आणि ऋतूंवरच्या सगळ्या काढून टाकाव्यात आणि ते तास व्यापारी पत्रव्यवहाराला द्यावेत. त्यांनी तीन कारणं दिली. एक, चीन आता शेतकऱ्यांचा देश राहिलेला नाही. दोन, अर्थच हवा असेल तर जवळची मराठी म्हण सांगितली की भागतं, आणि तेवढं काम आता मोबाइलही करतो. तीन, मुलं ही यादी परीक्षेपुरती घोकतात आणि सुट्टी लागली की विसरतात. बऱ्याच माना डोलल्या. मला मिळालेली पाच मिनिटं अपुरी पडली, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी चिनी शिकवते आणि दुभाषी म्हणून कामही करते. या तीन कारणांपैकी पहिली दोन मला साफ चुकीची वाटतात. तिसरं खरं आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे.

ज्यांचा चिनीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं आधी सांगते. छंग-यू म्हणजे वापरून वापरून पक्कं झालेलं बोलणं, बहुतेक वेळा चारच अक्षरांचं. प्रत्येक अक्षर म्हणजे एक शब्द, आणि भाषा दोन हजार वर्षांपूर्वीची, गाळून घट्ट केलेली. आपण नुसतं ‘द्राक्षं आंबट’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कोल्हा आपोआप दिसतो. छंग-यूचं काम तसंच चालतं. चार अक्षरं उच्चारायची आणि मागची गोष्ट समोरच्याने ओळखायची. गोष्ट ठाऊक नसेल तर ती चार अक्षरं म्हणजे चार सुटे दगड.

आता पहिलं कारण. चीन शहरी झाला, हे मान्य. २०११ साली तिथे पहिल्यांदाच निम्म्याहून अधिक लोकसंख्या शहरांत राहत असल्याची नोंद झाली आणि तेव्हापासून तो आकडा वाढतोच आहे. पण शहरात जाताना माणसाने भाषा बांधावर ठेवलेली नाही. आजच्या चिनी तरुणांच्या तोंडचे शब्द ऐका. २०२०च्या सुमारास ‘नेइ-च्युआन’ या शब्दाने चिनी समाजमाध्यमं व्यापून टाकली. सगळेच आधीपेक्षा जास्त राबतात आणि कुणाच्याच पदरात आधीपेक्षा जास्त पडत नाही, अशा जीवघेण्या स्पर्धेसाठी तो वापरतात. हा शब्द आला कुठून? अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ साली जावा बेटावरच्या भातशेतीविषयी एक पुस्तक लिहिलं. त्याच खाचरात आणखी माणसं, आणखी निगराणी, आणखी कष्ट ओतत गेलं की एकूण भात वाढतं, पण माणशी वाटा वाढत नाही, हे त्यांनी त्यात दाखवलं. इतिहासकार फिलिप ह्वांग यांनी १९८५ साली उत्तर चीनच्या शेतकरी अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथात हीच कल्पना चिनी शेताला लावून पाहिली. रात्री दहापर्यंत कचेरीत बसणारा शांघायचा मुलगा स्वतःच्या आयुष्याचं वर्णन करतो ते भातखाचराच्या शब्दात.

शेअर बाजारात या. मोठे खेळाडू भाव चढवतात, छोटे गुंतवणूकदार धावत येतात, बुडतात, आणि थोड्या दिवसांनी नवे छोटे गुंतवणूकदार हजर होतात. याला चिनीत ‘क च्यौत्साय’ म्हणतात. च्यौत्साय ही लसणाच्या वासाची, चपट्या पातीची भाजी. ती मुळासकट उपटत नाहीत, बुंध्यापासून वर कापतात. काही दिवसांत ती पुन्हा फुटते, पुन्हा कापतात. आपल्याकडे दुभत्या जनावरांसाठी लसूणघास लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. एकदा लावला की कापण्यांमागून कापण्या. ‘बुडालेले गुंतवणूकदार’ म्हटल्याने जे कळत नाही ते या पातीवरून कळतं. लूट एकदाची नाही, तिचा हंगाम ठरलेला आहे, आणि पीक स्वतःच पुन्हा कापायला उभं राहतं. हे शब्द छंग-यू नाहीत, गेल्या काही वर्षांत शहरांनी केलेले आहेत. शहरी चीनला नवा शब्द हवा असतो तेव्हा तो अजूनही शेतात शोधतो, मग जुने शब्द मेले असं कोण म्हणेल?

जुनेही जिवंत आहेत. पोलिसांनी एका भुरट्या चोरापासून पूर्ण टोळीपर्यंत माग काढला की बातमीत ‘शुन-थंग-मो-क्वा’ येतं, वेल धरून चाचपत जा, फळ हाताला लागेल. मुलांना चौथीपासून तीन-तीन शिकवण्या लावाव्यात का, या वादात ‘पा-म्याओ-चू-चांग’ येतं, रोपं ओढून वाढायला मदत. २०२१च्या जुलैमध्ये चिनी सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक बंधनं आणली. त्या निर्णयावरची चर्चा वाचायची तर हे रोप ओळखीचं हवं.

आणि व्यापारी चिनी? ज्यांना फक्त तीच हवी त्यांनी नफा, भाडं आणि कर ही तीन अक्षरं फळ्यावर लिहून बघावीत. तिन्हींच्या डाव्या बाजूला एकच खूण आहे, उभा दांडा, दोन बाजूंना पाती आणि वर वाकलेलं कणीस. ती धान्याच्या ताटाची खूण. नफ्याच्या अक्षरात ताटाशेजारी सुरी आहे. भाडं आणि कर यांत ताट आहे, कारण खंड आणि सारा धान्यात भरला जाई. चीनमधला शेतीवरचा कर २००६च्या १ जानेवारीपासून रद्द झाला, अक्षरातलं कणीस मात्र प्रत्येक पावतीवर आहे. ‘सेकंद’ या अर्थाच्या अक्षरातही तेच ताट आहे, कारण मुळात ते अक्षर कणसाच्या कुसाचं, म्हणजे बारीकात बारीक गोष्टीचं. ‘वर्ष’ या अक्षराचं सर्वांत जुनं, हाडांवर कोरलेलं रूप म्हणजे धान्य वाहून नेणारा माणूस. वर्ष म्हणजे एक सुगी. शेती गाळून शिकवायची व्यापारी चिनी कुठून आणायची?

दुसरं कारण अधिक फसवं आहे, कारण ते सोयीचं आहे. जवळची मराठी म्हण सांगा आणि पुढे जा. मीही अनेक वर्षं तेच केलं. ते मी का सोडलं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी चाकणजवळच्या एका कारखान्यात मी दुभाषी म्हणून गेले होते. चिनी बनावटीची यंत्रं नुकतीच बसली होती आणि रात्रपाळीत तेलगळतीमुळे बराच माल वाया गेला होता. सकाळच्या बैठकीत चिनी अभियंता वहीवर बोट ठेवून म्हणाला, “वांग-यांग-पू-लाओ.” मेंढरू हरवलं, कुडण दुरुस्त केलं. माझ्या तोंडून तत्क्षणी निघालं, “ते म्हणताहेत, बैल गेला आणि झोपा केला.” समोरच्या पाळीप्रमुखांचा चेहरा उतरला. रात्रभर त्यांनीच ती गळती निस्तरली होती. ते म्हणाले, “टोमणे मारायला बोलावलंय का यांना?” चिनी अभियंत्याला काय बिनसलं तेच कळेना, कारण तो बोलला होता त्याच्या नेमकं उलट. अर्धा तास त्या एका वाक्यात गेला. चूक सर्वस्वी माझी होती.

ही गोष्ट ‘चान-क्वो-त्स’ म्हणजे झुंजणाऱ्या राज्यांच्या काळातल्या मुत्सद्देगिरीच्या जुन्या संग्रहातली आहे. छू देशाच्या राजाला च्वांग शिन या मंत्र्याने इशारा दिला होता की तुमच्या भोवतीचे खुशमस्करे राज्य बुडवतील. राजाने ऐकलं नाही. च्वांग शिन देश सोडून गेला. इसवी सन पूर्व २७८ मध्ये छिन देशाच्या सैन्याने छूची राजधानी घेतली. पळालेल्या राजाने च्वांग शिनला परत बोलावून विचारलं, आता काय करू? त्या वेळी मंत्र्याने मेंढरांचा दाखला दिला. मेंढरू गेल्यावर कुडण दुरुस्त केलं तरी उशीर झालेला नाही. राज्याचा मोठा मुलूख अजून तुमच्याकडे आहे. मराठी म्हण गेलेल्या बैलाकडे बघते. गरीब शेतकऱ्याच्या दावणीला एकच बैल असतो. तो गेला की गोठ्याला झोपा लावून राखायचं काय? चिनी छंग-यू उरलेल्या कळपाकडे बघते. दोन्ही आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण एकीच्या जागी दुसरी ठेवली की धीर देणारा माणूस टोमणा मारणारा ठरतो. आणखी एक गोष्ट मला नंतर कुडणाचं अक्षर नीट लिहून बघताना दिसली. त्या अक्षरात छपराखाली बैल आहे. बैल दोन्हीकडे होता, आणि तरीही अर्थ उलटे होते.

हा एकच अपवाद असेल असं वाटत असेल तर आणखी दोन बघा.

‘यू-हौ-छुन-सुन’, पावसानंतरचे वसंतातले बांबूचे कोंब. गडचिरोली-चंद्रपूरकडे यांना वास्ते म्हणतात. एखाद्या शहरात भराभर नव्या कंपन्या, नवी ग्रंथालयं उभी राहिली की चिनी वर्तमानपत्र हे चार शब्द वापरतं. मराठीत हमखास सुचतं ते ‘कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या’. दोन्ही पावसानंतर उगवतात, दोन्ही पुष्कळ उगवतात. पण कुत्र्याच्या छत्रीत तुच्छता आहे, ती उद्या सडणार आहे. बांबूच्या कोंबामागे जमिनीखाली पसरलेलं जुनं, मजबूत कंदमूळ असतं. तो दिवसात हातभर वाढतो आणि कापला नाही तर त्याचा बांबू होतो. चिनी वाक्यात कौतुक आहे. मराठी म्हण घातली की बातमीची निंदा होते.

दुसरी ‘नान-च्यू-पेइ-ची’, दक्षिणेत संत्रं, उत्तरेत ची. छी देशाचा वकील येन यिंग ठेंगणा होता आणि छूच्या राजाला त्याचा पाणउतारा करायचा होता. दरबारात एका चोराला बांधून आणलं आणि राजाने विचारलं, हा तुमच्या छी देशाचा. तुमच्याकडचे लोक जात्याच चोर का? येन यिंग म्हणाला की ह्वाय नदीच्या दक्षिणेला जे झाड संत्रं देतं, तेच उत्तरेला लावलं की कडवट ची देतं. पानं सारखीच, फळ वेगळं, कारण माती-पाणी वेगळं. छीमध्ये हा माणूस चोरी करत नव्हता, छूमध्ये येऊन करू लागला. मग छूच्याच माती-पाण्यात काही असेल का? आता याला कुणी ‘खाण तशी माती’ म्हणून समजावलं तर? आपली म्हण वंशाबद्दल बोलते, ही छंग-यू परिस्थितीबद्दल. येन यिंगने ज्या विचाराचा दरबारात पाडाव केला, नेमका तोच विचार आपण त्याच्या तोंडी घालतो.

संत्र्याच्या बागायतदाराला यात आणखी एक गोष्ट दिसेल. ‘ची’ ही खरं तर वेगळीच जात आहे, तीन पानांची, काटेरी, थंडी सोसणारी, आणि संत्रावर्गातल्या कलमांसाठी खुंट म्हणून वापरली जाणारी. नागपूरकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर भरतात. वरचा डोळा मेला की खालून खुंट फुटतो आणि झाडाला जंबेरी लागते, हे तिथे कुणीही सांगेल. ह्वायच्या उत्तरेच्या थंडीत कलमाचा वरचा भाग मरून खालचा खुंट वाढत असावा आणि त्यावरून ही समजूत झाली असावी, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. ह्वाय नदी ही तर आजही चिनी भूगोलातली मोठी सीमारेषा आहे, ढोबळमानाने दक्षिणेला भात, उत्तरेला गहू. या एका छंग-यूत वनस्पतिशास्त्र आहे, भूगोल आहे आणि दरबारी वादाचा एक नमुनेदार डाव आहे. मोबाइल एका ओळीत अर्थ देतो. ती ओळ चूक असेलच असं नाही, पण वरचं काहीच त्या ओळीत मावत नाही.

इथे मला माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. बैठकीत ज्यांनी माझी बाजू घेतली त्यांच्यातले काही म्हणाले, ‘ही तर भोळ्याभाबड्या शेतकऱ्याची ज्ञानसंपदा, जगभर शेतकरी सारखाच.’ हे गोड आहे आणि चूक आहे. यांतल्या बऱ्याच छंग-यू शेतकऱ्याने रचलेल्या नाहीत. त्या शेतकऱ्यावर रचलेल्या आहेत. ‘शौ-चू-ताय-थू’ घ्या. सोंग देशातला एक शेतकरी नांगरत असताना एक ससा धावत येऊन खुंटावर आदळून मेला. त्या दिवसापासून त्याने नांगर टाकला आणि दुसऱ्या सशाची वाट बघत खुंटापाशी बसला. ही गोष्ट इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात हान फेइने सांगितली. तो राजांना राज्य कसं चालवावं हे शिकवणारा कठोर राजनीतिज्ञ होता. त्याचा रोख आळशी शेतकऱ्यावर नव्हताच. पूर्वजांच्या राज्यपद्धतीने आजच्या प्रजेवर राज्य करू पाहणारे दरबारी पंडित हे त्याचं लक्ष्य होतं. शेतकरी फक्त उपमेसाठी वेठीला धरला गेला. आणि तोही सोंगचाच, कारण त्या काळच्या ग्रंथांत मूर्ख म्हटला की सोंगचा माणूस ही रीतच होती. पुस्तकांत मात्र याचा अर्थ ‘आयत्यावर बसणे’ एवढाच देतात.

उलट दिशेनेही बोलणं आहे, आणि ते विसरता कामा नये. कन्फ्यूशियसच्या संवादांत एक प्रसंग येतो. त्याचा शिष्य त्झ-लू वाटेत मागे पडतो. काठीला तण काढायचं अवजार अडकवून चाललेला एक म्हातारा भेटतो. त्झ-लू विचारतो, आमचे गुरुजी दिसले का? म्हातारा उलट विचारतो, ज्याचे हातपाय कष्टाला लागत नाहीत आणि ज्याला पाच धान्यं वेगळी ओळखता येत नाहीत, तो कसला गुरू? हा रोख त्झ-लूकडे आहे की कन्फ्यूशियसकडे, यावर टीकाकारांत मतभेद आहेत. एवढं बोलून म्हातारा काठी रोवतो आणि तण काढायला लागतो. त्याच रात्री तो त्झ-लूला घरी ठेवून घेतो आणि कोंबडी कापून, बारीक धान्य शिजवून जेवू घालतो. ‘वू-कू-पू-फन’, पाच धान्यांतला फरक न कळणारा, ही छंग-यू तिथली. ती आजही पुस्तकी माणसाला लावतात. पाच धान्यं कोणती, यावर जुन्या टीकाकारांचंही एकमत नाही. कुणी भात धरतो, कुणी त्या जागी ताग-अंबाडीसारखं वाकाचं पीक. म्हणजे या छंग-यूंमध्ये एक जुना वाद भरलेला आहे, दरबाराचा शेताशी आणि शेताचा दरबाराशी. ‘भोळा शेतकरी’ म्हणून हात जोडणारा तो वाद ऐकतच नाही, आणि तास काढून टाकणाराही ऐकत नाही.

आता तिसरं कारण. मुलं यादी घोकतात आणि विसरतात. हे शंभर टक्के खरं आहे. परीक्षांचा बोजाही खरा आहे. २०२१ साली आलेल्या नव्या चिनी भाषा-निकषांत नऊ पातळ्या आहेत आणि शब्दसंख्या ११,०९२. त्यात आणखी पाचशे छंग-यूंची यादी, प्रत्येकीसमोर एक ओळ अर्थ, आणि शुक्रवारी चाचणी. असं शिकवायचं असेल तर काढूनच टाका, मी आडवी येणार नाही. छंग-यूंची फोडणी घातलेले निबंध मलाही वाचवत नाहीत. विद्यार्थ्याला बोलताना पाच-सहा वापरता आल्या तरी पुरे, पण समोरच्याने वापरलेली कळली पाहिजे.

पण वाईट शिकवल्याचा दोष विषयावर का टाकायचा? याचं उत्तर त्या रोपांच्या गोष्टीतच आहे, आणि ती गोष्ट आपण अर्धीच शिकवतो. सोंगचा एक माणूस पीक वाढत नाही म्हणून बेचैन होतो, शेतात जाऊन एकेक रोप थोडंथोडं वर ओढतो, दमून घरी येतो आणि सांगतो, आज मी रोपांना वाढायला मदत केली. मुलगा धावत शेतात जातो तर रोपं सुकलेली. इथे पाठ्यपुस्तक थांबतं. ती सांगणारा प्राचीन चिनी विचारवंत मेन्शियस थांबत नाही. तो पुढे म्हणतो की जगात रोपं न ओढणारे थोडेच. पण ज्यांना वाटतं की काही उपयोग नाही म्हणून जे पीक सोडून देतात, ते खुरपणी न करणारे. आणि जे ओढून मदत करतात, ते उपटणारे. मेन्शियसच्या मते चुका दोन आहेत. आमच्या बैठकीत दोन्ही हजर होत्या. पाचशेची यादी घोकून घेणारे रोपं ओढत होते आणि तास रद्द करा म्हणणारे खुरपं टाकून घरी निघाले होते. उरतं ते मधलं काम, वाकून, एका वेळी एक ओळ, तण काढत जाणं.

हे मधलं काम कसं दिसतं, त्याचा एक तास सांगते. फळ्यावर मी ‘छिंग-ह्वांग-पू-च्ये’ लिहिलं. हिरवं, पिवळं, जुळत नाही. एका हुशार मुलीने अर्थ लावला, रंगसंगती बिघडली. मी काहीच सांगितलं नाही. फक्त विचारलं, घरी जिरायत शेती आहे असं कोण आहे? बीड जिल्ह्यातला एक मुलगा उभा राहिला. त्याला विचारलं, तुझ्या आजोबांच्या काळी श्रावणात कणगीत काय असायचं? तो म्हणाला, “मागची ज्वारी तळाला गेलेली. रानात पीक हिरवंगार, पण खायला नाही. मग सवाई-दिढीनं उसनं आणायचं.” आणि बोलता बोलता तोच थबकला. “मॅडम, पिवळं म्हणजे घरातलं जुनं धान्य. हिरवं म्हणजे शेतातलं. मधले दिवस.” वर्गात शांतता झाली. नेमकं तेच. पिवळं संपलेलं आहे आणि हिरवं अजून पिकलेलं नाही, ते उपाशी आठवडे.

मग त्या चार अक्षरांच्या मागे जाता आलं. १०६९ साली सोंग घराण्याच्या राजवटीत वांग आन-शी या मंत्र्याने ‘छिंग-म्याओ’ म्हणजे हिरव्या रोपांचा कायदा आणला. नेमक्या याच दिवसांत सरकारने शेतकऱ्याला कर्ज द्यायचं, सुगीला सुमारे २० टक्के व्याजाने परत घ्यायचं, म्हणजे सावकाराच्या दारी जायला नको. बेत चांगला होता, पण अधिकाऱ्यांनी आकडे गाठण्यासाठी नको त्यांच्याही गळ्यात कर्जं मारली आणि त्यावरून दरबारात उभी फूट पडली. बीडच्या मुलाने विचारलं, “वसुली कशी करायचे?” व्याकरणाच्या तासाला असा प्रश्न कधी येत नाही. शेवटी मी आजची वाक्यं दिली. जुने खेळाडू निवृत्त झाले आहेत आणि नवे तयार नाहीत, अशा संघाबद्दल चिनी क्रीडा-पत्रकार आज हीच चार अक्षरं लिहितात. रुग्णालयात ज्येष्ठ डॉक्टर गेले आणि तरुण अजून शिकताहेत, तिथेही हीच. ‘तुटवडा’ हा अर्थ पाठ केलेल्याला यातलं अर्धंच कळलं असतं. हा तुटवडा मधल्या दिवसांचा आहे. हिरवं उभं आहे, ते पिकणार आहे, फक्त तोवर तग धरायचा आहे. त्या वर्गातलं कुणी हे विसरेल असं मला वाटत नाही, आणि घोकायला कुणालाच लावलं नव्हतं.

असाच एकदा मी राळ्याचं कणीस घेऊन गेले. ‘ल्यांग-यौ-पू-छी’ म्हणजे चांगलं धान्य आणि ‘यौ’ एकत्र, माणसांच्या बऱ्यावाईट सरमिसळीबद्दल. यौ हे तण. कणीस येईपर्यंत राळ्याच्या रोपात आणि यौमध्ये फरक ओळखणं अवघड जातं. याचं कारणही आहे. हे तण राळ्याचा रानटी पूर्वज आहे. त्याच्यातूनच उत्तर चीनच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षांपूर्वी राळा घडवला. हे कळल्यावर ‘बरेवाईट लोक’ या अर्थाला धार येते. वाईट इतका जवळचा असतो म्हणूनच तो ओळखू येत नाही.

मराठी विद्यार्थ्याला इथे एक खरी सोय आहे, तिचा वापर करू या. चिनी पंचांगातली चोवीस पर्वं २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ती सूर्याच्या स्थितीवर चालतात. आपली पावसाची नक्षत्रंही सूर्यावरच चालतात. तिकडे ५-६ जूनला ‘मांग-चुंग’ लागतं, गव्हाच्या कुसाचं आणि पेरणीचं पर्व. इकडे ७-८ जूनला मृग निघतो. दोन्हीकडे त्याच आठवड्यात माणसं आभाळाकडे बघतात. मात्र हे साम्य दार उघडण्यापुरतं वापरावं. आत गेल्यावर तिथली माती वेगळी आहे, हे येन यिंगने बजावून ठेवलं आहे.

तर माझा प्रतिप्रस्ताव असा. पाचशे नकोत, वर्षाला तीस छंग-यू ठेवा. प्रत्येकीला एक पूर्ण तास द्या. त्या तासात चार गोष्टी व्हाव्यात. तिच्यातलं झाड, जनावर किंवा अवजार मुलांनी बघावं, निदान चित्रात. मूळ गोष्ट कोण कुणाला आणि कोणत्या अडचणीत सांगत होतं ते कळावं. या महिन्यातल्या चिनी बातमीतलं एक वाक्य वाचावं. आणि शेवटी तिचा मराठी अनुवाद करावा, पण मराठी म्हण न वापरता. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयोगाचा आहे. म्हण हाताशी नसली की मुलाला विचार करावा लागतो की हा माणूस धीर देतो आहे की दटावतो आहे, गेलेल्याबद्दल बोलतो आहे की उरलेल्याबद्दल. तिसांतून मूल जे उचलेल त्यावर पुढच्या तीनशे त्याच्या त्याला उलगडतील. व्यापारी पत्रव्यवहाराचंही यात नुकसान नाही, कारण पत्राच्या पलीकडचा माणूस याच शब्दांत विचार करतो.

चाकणच्या त्या सकाळी मी काय बोलायला हवं होतं, हे मी नंतर पुष्कळदा मनात घोळवलं आहे. वहीवर बोट ठेवलेला तो अभियंता आणि रात्रभर जागलेले ते पाळीप्रमुख अजून माझ्यासमोर बसलेले दिसतात. आज तीच चार अक्षरं कानावर पडली तर मी क्षणभर थांबेन आणि सांगेन, “ते म्हणताहेत, एक मेंढरू गेलं, पण कळप शाबूत आहे. चला, कुडण आजच बांधून घेऊ.”